केप टाउनचा वारा: पायांआधी हातांची तयारी करा

पुण्यातल्या एका सायकलस्वाराचा प्रश्न आहे. वय पंचेचाळीस, आठवड्याला दीडएकशे किलोमीटर होतात, २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळेच्या बरीच आधी पूर्ण झालेली आहे. येत्या मार्चमध्ये केप टाउन सायकल टूरला निघालेत. कुणीतरी त्यांना तिथल्या २०१७ च्या वाऱ्याचे व्हिडिओ पाठवले. ते बघून घरच्यांनी धसका घेतला, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही. विचारतात, वाऱ्यासाठी काही वेगळी तयारी असते का? नुकतीच घेतलेली ५० मिलिमीटर खोल रिमची कार्बन चाकं न्यावीत का? आणि चार तासांच्या आत पूर्ण करायचं ठरवलंय, ते वाऱ्यात जमेल का?

पुढचं खोल रिमचं चाक घरीच ठेवा. का, ते पुढे येईलच. बाकीच्या दोन प्रश्नांना जरा सविस्तर उत्तर द्यावं लागेल.

मी हौशी सायकलस्वारांना शिकवतो. केप टाउनला स्वतः चालवलंय आणि माझ्याकडची मंडळीही तिथे जाऊन आली आहेत. परत आल्यावर जवळपास प्रत्येक जण तेच सांगतो. समोरच्या वाऱ्याची भीती पहिल्या तासातच जाते. दमछाक होते, वेग बघून रडू येतं, पण भीती जाते. उतारावर आडवा वारा लागला तेव्हा मात्र तंतरली, असं भलेभले कबूल करतात. यात सिंहगड न थांबता चढणारे आहेत, सहाशेची बीआरएम केलेले आहेत. पायांत दम असूनही ते घाबरले, कारण समोरच्या वाऱ्याशी पाय लढतात आणि आडव्या वाऱ्याशी हात, खांदे आणि डोकं. आपल्याकडे ट्रेनिंग म्हटलं की सगळं पायांचं असतं. तुमचे पाय तयार आहेत, हातांचं बघू.

आधी या राइडबद्दल थोडं. १९७८ मध्ये ती पहिल्यांदा झाली. शहरात सायकलसाठी वेगळे मार्ग हवेत म्हणून बिल मायलरी आणि जॉन स्टेगमन यांनी ‘बिग राइड-इन’ नावाचं आंदोलन केलं होतं, त्यातून ती उभी राहिली. पहिल्या वर्षी ५२५ जण होते. आता सुमारे ३५ हजार लोक उतरतात, म्हणून वेळ मोजली जाणारी जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत असं तिला म्हणतात. अंतर १०९ किलोमीटर, चढ सगळा मिळून सुमारे १२०० मीटर, मुदत सात तास. बीआरएमवाल्याला हे आकडे बघून हसू येईल. २०० ला साडेतेरा तास मिळतात, इथे निम्म्याच्या जरा वर अंतराला सात तास. मुदतीची चिंता करूच नका.

वाऱ्याची परंपरा मात्र जुनी आहे. २००९ ची राइड भयंकर वाऱ्यात झाली. तिथले जुने लोक आजही त्या वर्षाच्या गोष्टी सांगतात, आणि दर वर्षी त्यात वाऱ्याचा वेग थोडा वाढतो असा माझा संशय आहे. १२ मार्च २०१७ ला मात्र कुणाला मीठमसाला लावायची गरजच पडली नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाचे झोत होते, शहरातच लोक सायकलवरून उडत होते, आणि राइड सुरू होता होताच रद्द करावी लागली. हाउट बेजवळच्या वस्तीला लागलेली आग आणि मार्गावरची निदर्शनंही त्या निर्णयामागे होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो वारा. २०१५ ला वणव्यांमुळे अंतर ४७ किलोमीटरवर आणलं होतं. म्हणजे परिस्थिती बिघडली की आयोजक राइड छोटी करतात, रद्दही करतात. घरच्यांना हे जरूर सांगा. ‘काही झालं तरी चालवतातच’ असा तो प्रकार नाही.

आता वारा. तिथे मार्च म्हणजे उन्हाळ्याची अखेर. दक्षिण अटलांटिक महासागरावरचा जास्त दाबाचा प्रदेश उन्हाळ्यात आफ्रिकेच्या टोकाखालून पूर्वेकडे हातपाय पसरतो आणि केपवर आग्नेयेकडून वारा सुटतो. शहरातली घाणेरडी हवा धुऊन नेतो म्हणून तिथले लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. आपल्या कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यांसारखा तो दुपारी येऊन संध्याकाळी मंदावेलच याची खात्री नाही. साध्या दिवशी दुपारकडे वाढतो हे खरं, पण दाबातला फरक मोठा असला की रात्रभर घोंघावतो आणि पहाटे सहाला तुमच्या स्वागताला हजर असतो. टेबल माउंटनच्या सपाट माथ्यावरून पांढरा ढग कापडासारखा खाली ओघळताना दिसला की समजायचं, आग्नेयेचा वारा वाहतोय. तिथे त्याला टेबलक्लॉथच म्हणतात.

या डोंगरामुळेच एक उलटी गोष्ट घडते. आपल्याला वाटतं डोंगराच्या आडोशाला वारा कमी असेल. हजार मीटरहून उंच डोंगरावरून ओसंडणारी हवा पलीकडच्या उतारावर वेग घेते आणि शहरात झोतांनी येऊन आदळते. उंच इमारतींच्या गल्ल्यांतून ती आणखी पिळली जाते. २०१७ मध्ये सगळ्यात वाईट अवस्था शहरात, सुटायच्या जागेजवळ होती, समुद्राकाठच्या उघड्या रस्त्यावर नव्हे. म्हणून सुरुवातीला वारा भयानक वाटला तर पुढचे शंभर किलोमीटर असेच जाणार असं समजू नका. आणि सुरुवात शांत झाली तर पुढे तसंच राहील असंही नाही.

हवामानाच्या ॲपमध्ये दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि झोताचा वेग. आपण सवयीने पहिला बघतो. तुम्ही दुसरा बघा. सरासरी ३५ आणि झोत ४० असेल तर तो अंगावर घेता येणारा वारा आहे. सरासरी ३० आणि झोत ६५ असेल तर दिवस अवघड आहे, सरासरी कमी दिसत असली तरी. शिवाय हे आकडे जमिनीपासून दहा मीटर उंचीचे असतात. मोकळ्या मैदानात तुमच्या डोक्याच्या उंचीवर वारा त्याहून कमी असतो. पुलावर, खिंडीत, कड्याच्या कडेला मात्र हा दिलासा धरून चालू नका.

समोरच्या वाऱ्याचं गणित एकदा बघून घ्या, म्हणजे राइडच्या दिवशी मन खट्टू होणार नाही. सपाट रस्त्यावर वारा नसताना तुम्ही ताशी ३० ने जाता असं धरू. तेवढीच ताकद लावून ३० चा वारा समोरून आला तर वेग साधारण १५ वर येतो. तोच वारा पाठीवर असेल तर ५० च्या आसपास जातो. ऐकायला फिटंफाट वाटतं, पण दहा किलोमीटर जाऊन दहा परत या: वारा नसताना ४० मिनिटं लागतात, वाऱ्यात ५२. कारण वाईट वेगाने तुम्ही जास्त वेळ घालवता. पाठीवरचा वारा गेलेला वेळ कधीच पुरता परत करत नाही. त्यामुळे समोरच्या वाऱ्यात वेगाचा आकडा बघणं बंद करा, स्क्रीनवरून काढूनच टाका. श्वास बघा. एखादं पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, मग बरोबर चाललंय. आपले लोक नेमकं इथेच उलटं करतात. १७ चा वेग दिसला की अपमान झाल्यासारखं वाटतं, दात-ओठ खाऊन २२ करतात, आणि सत्तराव्या किलोमीटरला पेटके.

मार्गावर हा वारा कुठे कसा लागतो ते नकाशा समोर ठेवून वाचा. शहरातून निघून एम-३ महामार्गाने दक्षिणेला उतरता, मग म्यूझेनबर्गला समुद्र भेटतो. तिथून सेंट जेम्स, कॉक बे, फिश हुक, सायमन्स टाउन असं फॉल्स बेच्या काठाने जायचं, समुद्र डाव्या हाताला. वारा समोरून आणि डावीकडून. हा टप्पा चिकाटीचा. सायमन्स टाउन सोडल्यावर घरं संपतात आणि स्मिट्सविंकलचा चढ लागतो. अवघड नाही, आपल्या कात्रजसमोर काही नाही, पण वर पोहोचता पोहोचता वारा दिशा बदलून अंगावर येतो. माथ्यावर केप पॉइंटच्या फाटकावरून रस्ता पश्चिमेला वळतो आणि वारा बाजूने, मागून यायला लागतो. झुडपांचा उघडा माळ, आडोसा नाही. तिथून स्कारबरोकडे उतार. मग कोमेकी, नूर्डहूक, सगळं उत्तरेकडे, वारा बहुतेक पाठीशी. इथे लोक हसायला लागतात. चॅपमन्स पीकचा रस्ता डोंगराच्या कड्यात कोरलेला आहे, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला खाली समुद्र. तिथे प्रत्येक वळणाचा वारा वेगळा. हाउट बेत उतरलात की सुइकरबोसीचा शेवटचा मोठा चढ, आणि तिथून लँडडनोवरून कॅम्प्स बेकडे सुसाट उतार. या उतारावर उजवीकडे डोंगराची रांग आहे आणि घळींमधून झोत येतात. नव्वद-शंभर किलोमीटर झालेले असतात, शेवट दिसत असतो, पाठीवरच्या वाऱ्याने वेगाची चटक लागलेली असते. माझ्या मते सबंध मार्गातली ही सगळ्यात फसवी जागा.

आता मुद्द्याचं. आडवा वारा नेमका पाडतो कसा?

६० च्या वेगाचा झोत बाजूने लागला तर माणूस आणि सायकल मिळून साधारण दहा किलोचा धक्का बसतो. ९० च्या झोताला तोच बावीस-तेवीस किलोचा होतो, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. दहा किलोचा धक्का सावकाश आला तर काहीच होत नाही. तुम्ही नकळत वाऱ्याच्या बाजूला कलता आणि चालत राहता. सराव झाला की दोन मिनिटांत शरीर हे आपोआप करायला लागतं. गंमत पुढे आहे. तुम्ही असे डावीकडे कललेले असताना रस्त्याकडेला बस उभी असते, किंवा भिंत येते, किंवा दरडीचा आडोसा. वारा एका क्षणात नाहीसा होतो. तुम्ही अजून कललेलेच. सायकल डावीकडे कोसळायला लागते, तुम्ही झटक्याने हँडल सावरता, तेवढ्यात बस संपते आणि झोत पुन्हा लागतो, आता तुम्ही चुकीच्या बाजूला असता. मी बघितलेल्या पडापडीतल्या बऱ्याचशा वारा लागल्यावर झालेल्या नाहीत, वारा थांबल्यावर झालेल्या आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे महामार्गाने गेला असाल तर हे तुम्हाला माहीतच आहे: कंटेनर बाजूने जाताना आधी बाहेर ढकलतो आणि निघून जाताना आत ओढतो. तेच, पण किलोमीटरच्या किलोमीटर.

म्हणून डोळे पुढे ठेवायचे. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून नाही, शंभर-दीडशे मीटर पुढे. घर कुठे संपतंय, खिंड कुठे उघडतेय, पुढची माणसं कुठे अचानक एका बाजूला सरकतायत. ही शेवटची खूण सगळ्यात कामाची. पुढे पाचशे लोक असण्याचा हा फायदा आहे, वाऱ्याची माहिती ते तुम्हाला फुकट देत असतात. त्यांच्या पाठीवरचे नंबर फडफडायला लागले, एखाद्याची चड्डी नव्हे पण जाकीट फुगलं, की तीन सेकंदांत तुमची पाळी.

हात हँडलच्या खालच्या भागात, म्हणजे ड्रॉप्सवर. ते सोसवत नसेल तर हूडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, पण कोपरं वाकलेली. पकड अशी की बोटांची नखं पांढरी पडत नाहीत. घाबरलेला माणूस हात सरळ ताठ करतो आणि सगळं वजन मागे टाकतो. त्याने पुढचं चाक हलकं होतं, आणि अंगाला लागलेला प्रत्येक झटका ताठ हातांतून थेट हँडलला मिळतो. म्हणजे वारा तुमच्याच हातांनी सायकल वळवतो. कोपरं मोकळी ठेवा, छाती खाली न्या, वजन थोडं पुढे. गुडघ्यांनी वरची नळी हलकेच दाबून धरली तर उतारावर सायकलची थरथर थांबते. आणि पेडल मारत राहा, अगदी हलका जोर असला तरी चालेल. पाय थांबले की सायकल पानासारखी डोलते. झोत लागल्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. वेग आधी कमी करायचा, झोताच्या जागेपूर्वीच.

आता चाकांचं. खोल रिम म्हणजे वाऱ्यासमोर धरलेला पृष्ठभाग. मागच्या चाकावर तो फक्त ढकलतो. पुढच्या चाकावर तो हँडल फिरवतो, कारण ते चाक वळायलाच बसवलेलं असतं. ५० च्या रिमने वारा नसताना मिळणारा फायदा तुमच्या वेगाला मोजक्या मिनिटांचा आहे, आणि घाबरून प्रत्येक उतार ब्रेक दाबत उतरलात तर तो तिथल्या तिथे संपतो. मागे ५० लावायचं असेल तर लावा, फोटो चांगले येतील. पुढे साधं, तिशीच्या आतलं रिम. टायर २८ मिलिमीटरचे, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. जाकीट अंगाला चिकटणारं. आपल्याकडची फुगणारी विंडचीटर तिथे शिडासारखं काम करते. गिअरमध्ये मागे ३० किंवा ३२ दातांचा स्प्रॉकेट असू द्या, चढासाठी नाही, समोरच्या वाऱ्यासाठी. सपाट रस्त्यावर चढाचा गिअर लावायची लाज सोडा.

घोळक्याबद्दल. समोरच्या वाऱ्यात दुसऱ्याच्या मागे राहिलात तर कष्ट तिसऱ्या हिश्शाने तरी वाचतात, त्यामुळे फॉल्स बेच्या काठाने एकटं चालवणं म्हणजे शुद्ध हट्ट. गट चुकला तर थोडं हळू व्हा, मागून दुसरा येतोच, ३५ हजार माणसं आहेत. पुढे जाऊन ओढायची पाळी आली तर ओढा, पण अर्धा मिनिट. तिथे हिरोगिरी केलेल्या आपल्या लोकांना मी सुइकरबोसीवर चालत जाताना बघितलंय.

आडव्या वाऱ्यात मात्र आडोसा मागे नसतो, तिरका बाजूला असतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या मागे-उजवीकडे. व्यावसायिक शर्यतींत यातूनच तिरपी रांग तयार होते. टीव्हीवर ती सुंदर दिसते. तिच्यात तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला असतं, आणि त्याला झोत लागून तो हातभर सरकला की चाकाला चाक लागतं. पडतो तो मागचा, कारण पुढचं चाक त्याचं असतं. ज्यांची नावं माहीत नाहीत, ज्यांनी कधी गटात चालवलं की नाही हे माहीत नाही, अशा लोकांबरोबर ती रांग करू नका. एक सायकलभर अंतर मागे आणि हातभर बाजूला मोकळी जागा ठेवा. थोडी जास्त ताकद जाईल, जाऊ द्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, हळू जाणाऱ्याने डावीकडे राहायचं. पण अगदी कडेला जाऊन चालवू नका. उजवीकडून झोत आला की सरकायला डावीकडे जागा हवी.

थांबून उतरण्याबद्दल आपल्याकडे उगाच कमीपणा आहे. बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेम शर्यतीत २०१५ साली इतका वारा होता की व्यावसायिक खेळाडू रस्त्यावरून उडून शेतात गेले. गेरेंट थॉमस चराच्या खड्ड्यात जाऊन पडला, उठला आणि तरी तिसरा आला. शर्यत पूर्ण केली फक्त ३९ जणांनी. लुका पाओलिनी जिंकला. पोटापाण्यासाठी सायकल चालवणाऱ्यांची ही गत, तर आपण दहा पावलं चाललो म्हणून काय बिघडलं?

उतरायचं कधी, हे घरीच ठरवून जा. माझा नियम सोपा आहे: झोताने तुम्ही रस्त्याच्या आखलेल्या पट्ट्यावरून हातभराहून जास्त सरकलात आणि हे लागोपाठ दोनदा झालं, की पुढच्या आडोशाला थांबायचं. चर्चा नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी, वजन पन्नासच्या आत, उतारावरचा एक उघडा वाकडा टप्पा सरळ चालत गेली, बुटांच्या तळाच्या क्लीटवर टकटक करत. शेजारून लोक सूं करून जात होते. चारशे-पाचशे मीटरचा मामला, सहा-सात मिनिटं गेली. पुढच्या वळणाला तिला त्यातलेच दोघं रस्त्याकडेला बसलेले दिसले, एकाचं कोपर सोललेलं. वजनाचा हा भाग मात्र कुणी मोकळेपणाने बोलत नाही. हलक्या सायकलस्वाराला चढावर जो फायदा असतो तो आडव्या वाऱ्यात व्याजासकट वसूल होतो. तुमच्या गटात कुणी असं असेल तर सगळ्यांनी एकच मर्यादा ठरवू नका.

उतरल्यावर सायकल कशी धरायची हेही शिकण्यासारखं आहे. २०१७ च्या व्हिडिओत लोक हँडल धरून उभे आहेत आणि सायकल हवेत आडवी तरंगतेय. सायकल तुमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये असली तर ती तुमच्याच अंगावर येते. ती नेहमी पलीकडे, म्हणजे वाऱ्याकडे तुमची पाठ आणि सायकल पोटाशी. फारच असेल तर सरळ जमिनीवर आडवी करा, चेनची बाजू वर, आणि शेजारी बसा. कठड्याला टेकवून ठेवलेली सायकल म्हणजे मागून येणाऱ्याच्या चाकाखाली टाकलेली सायकल.

खाण्यापिण्याची एक अडचण आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. वाऱ्यात एक हात सोडता येत नाही, त्यामुळे तास-तास काही पोटात जात नाही. घाम वाळत राहतो म्हणून तहानही कळत नाही. जर्सीच्या मागच्या खिशातून चिक्कीचं पाकीट काढून दाताने फोडणं तिथे सर्कस ठरते. वरच्या नळीवर बसणारी छोटी पिशवी घ्या, पाकिटं आधीच फोडून ठेवा, आणि आडोसा मिळाला की भूक असो-नसो खा. कॉक बे, सायमन्स टाउनसारख्या गावांतल्या घरांचा आडोसा, चढाची सुरुवात, पाण्याचे थांबे या खायच्या जागा.

सराव कुठे करायचा? मार्चआधी आपल्याकडे वारा फारसा नसतो, ही खरी अडचण. जुलै-ऑगस्टमध्ये सातारा-ठोसेघर-चाळकेवाडीला जा. पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत तिथे. पठारावर पश्चिमेचा वारा आणि पावसाची झड एकदम लागते, रस्ता वळणांचा, त्यामुळे समोरून, बाजूने, मागून सगळं एका तासात मिळतं. पाऊस आणि दाट धुकं असेल त्या दिवशी जाऊ नका, समोरून येणाऱ्या जीपला तुम्ही दिसत नाही. हिवाळ्यानंतर कोकण किनाऱ्यावर दुपारी सुटणारा वारा त्या मानाने सौम्य, पण रेवदंडा-मुरूडच्या रस्त्यावर घरं आणि मोकळी जागा आलटून पालटून येतात, त्यामुळे वारा लागणं-थांबणं शिकायला बरा. आणि वारा नसतानाही करता येणारी एक गोष्ट: रिकाम्या मैदानात भरवशाच्या मित्राला बाजूने चालवायला सांगा आणि त्याला तुमच्या खांद्याला हलकेच ढकलू द्या. तुम्ही कोपरं मोकळी ठेवून सरळ चालवायचं. हेल्मेट घालून, ताशी १५ च्या वेगाने, गवतावर. दहा मिनिटांत कळतं की आपण किती ताठ बसतो.

पोहोचल्यावर शक्य असेल तर एक-दोन दिवस आधी कॅम्प्स बेहून सुइकरबोसीपर्यंत जाऊन तो उतार एकदा सावकाश उतरून बघा. रहदारी सुरू असते, तेव्हा सकाळी लवकर. घळी कुठे उघडतात ते मनात टिपून ठेवा.

राहिला चार तासांचा प्रश्न. चार तास म्हणजे सरासरी २७ च्या वर, १२०० मीटर चढासह. तुमचा सराव बघता वारा नसेल तर बेताबेताने जमेल, चांगला गट मिळाला तर आरामात. आग्नेयेचा वारा तिशीत असेल तर साडेचार धरा. चाळिशीच्या वर सरासरी आणि साठीच्या पुढे झोत असतील तर वेळ धरूच नका. राइडच्या तीन दिवस आधी अंदाज बघा आणि त्यावरून लक्ष्य ठरवा, घरून ठरवून नेऊ नका. वाऱ्याच्या दिवशी स्मिट्सविंकलच्या माथ्यावर, म्हणजे साधारण अर्ध्यावर, तुम्ही ठरवलेल्या वेळेच्या वीसेक मिनिटं मागे असणार. तिथून पुढे वारा पाठीशी आहे आणि त्यातली निम्मी मिनिटं आपोआप परत मिळतात. उरलेली लँडडनोच्या उतारावर वसूल करायचा मोह होईल. तो उतार ठरवलेल्याच वेगाने उतरा. उरलेली मिनिटं कॅम्प्स बे ते ग्रीन पॉइंटच्या सपाट रस्त्यावर जेवढी निघतील तेवढी काढा.